मंगळावरचा अर्धा गुंठा

मंगळावर माणूस राहील का, हे रॉकेटवाल्यांना विचारण्याआधी शेतकऱ्याला विचारावे, असे माझे मत आहे. तिथे पोहोचणे अवघड आहे, पण कसे पोहोचायचे ते ठाऊक आहे. पोहोचल्यावर वर्षानुवर्षे खायचे काय आणि श्वास कशाचा घ्यायचा, घोडे तिथे अडते.

बंदिस्त जागेत, दाट लागवड करून, एका माणसाच्या जेवणाला साधारण ५० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे अर्धा गुंठा. किरकोळ वाटेल, आपल्याकडे बांधाच्या भांडणात याहून जास्त जमीन अडकते. पण हा अर्धा गुंठा उघड्यावर करता येत नाही. मंगळावर हवेचा दाब सहा-सात मिलिबार, आपल्याकडे समुद्रसपाटीला १०१३. इतक्या कमी दाबात पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळते. आत माणसाला सोसेल असा, म्हणजे आपल्याइतका दाब ठेवला, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर दहा टनांचा रेटा येतो. आपल्या पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा कागद तिथे क्षणभरही टिकणार नाही, आणि चित्रांतले काचेचे घुमट चित्रांतच बरे. वरून माती लोटून दाबून धरू म्हटले, तर गुरुत्व आपल्या ३८ टक्के. तीन मीटर मातीचा थर त्या रेट्याचा जेमतेम सहावा हिस्सा पेलतो. बाकीचा ताण सांगाड्याने घ्यायचा, आणि हवा गळणार ती सांध्यांतून आणि दाराच्या रबरी सीलमधून. माती तरीही हवीच, कारण क्युरिऑसिटी यानाने जमिनीवर रोजचा साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मोजला आहे. आपल्याला वर्षभरात निसर्गातून सरासरी २.४ मिळतो, तिथे तेवढा चार दिवसांत.

शेत मातीखाली गेले की ऊन गेले. मग एलईडी. पिकाला पुरेसा उजेड द्यायचा तर चांगल्या दिव्यांनाही चौरस मीटरला १६५ वॅट लागतात. अर्ध्या गुंठ्याला सव्वाआठ किलोवॅट, दिवसाचे १६ तास: रोज १३० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला स्लॅब १०० युनिटांचा, तोही महिन्याचा! सौर पॅनेलवर इतका भार टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के, आणि २०१८ च्या धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गाडी वीज संपून कायमची गप्प झाली. लहान अणुभट्टीला पर्याय दिसत नाही.

पीक कोणते? ऊस नव्हे. आडसाली ऊस १६ ते १८ महिने जागा अडवतो आणि शेवटी हाती येते ती साखर. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. तिथे शेताच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवून हजार पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग, ठेवता येतो. बाहेरच्या हवेत ९५ टक्के तोच आहे. गहू, सोयाबीन, बटाटा यांना त्याचा चांगला फायदा होतो. उसाच्या पानात हा वायू ओढून साठवायची सोय मुळातच असल्यामुळे त्याला फारसा फरक पडत नाही. तेव्हा बटाटा, सोयाबीन, गहू आणि भाजीपाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय काढायचा नाही. बकऱ्याच्या चाऱ्याला आणखी गुंठे आणि आणखी युनिट लागतील.

मातीचे दुखणे शिरोळकडच्या, क्षारपड रानाच्या माणसाला पटकन कळेल. फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले, वजनाने अर्धा ते एक टक्का. हे क्षार थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत आणि पाण्याबरोबर पिकात चढतात. अर्धा गुंठा जमीन २० सेंटिमीटर खोल धरली तर १५ टन माती, म्हणजे ७५ ते १५० किलो परक्लोरेट. ते पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे इलाज क्षारपड रानाचाच: पाणी भरायचे आणि खाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा. फरक एवढाच, की शिरोळचे खारे पाणी ओढ्याला सोडता येते. मंगळावर ओढा नाही. तेच पाणी आटवून, थंड करून परत घ्यायचे आणि उरलेले मीठ सांभाळायचे, किंवा परक्लोरेट खाणारे जिवाणू वापरायचे. ते त्यातून साधे क्लोराइड आणि थोडा ऑक्सिजन सोडतात. सुरुवातीची वर्षे मातीविना, पोषक द्रावणावर शेती करणेच सोपे.

हवेचा हिशेब त्याहून नाजूक. माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. अर्धा गुंठा पीक नीट वाढले तर रोज दीड किलो देईल. मग उरलेला? तो पाचट कुजवायला. पिकाचा खाता न येणारा निम्मा भाग कुजवला किंवा जाळला नाही, तर त्यातली खते आणि कार्बन अडकून पडतात आणि पुढच्या पिकाला मिळत नाहीत. कुजवला, तर कधी आणि किती, हे ग्रॅमात मोजावे लागते.

हे न जमल्यावर काय होते ते अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर-२ मध्ये दिसले. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे सव्वा हेक्टरच्या सीलबंद इमारतीत दोन वर्षांसाठी गेली. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. माती सेंद्रिय कर्बाने भरगच्च ठेवली होती आणि झाडे जेवढा ऑक्सिजन देत, त्याहून जास्त तिच्यातले जिवाणू ओढत होते. खरे तर त्यामुळे कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढायला हवा होता. वाढला नाही, कारण नवे काँक्रीट तो शोषून चुनखडी बनवत होते. शेवटी १९९३ च्या सुरुवातीला बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर बाहेर तो ०.२ टक्केही नाही.

यंत्राने काढता येतो. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीतल्या मॉक्सी या पेटीने ८०० अंशांना कार्बन डायऑक्साइड फोडून १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम काढला. एका माणसाचे साडेतीन तास. तत्त्व सिद्ध झाले. आता तेच यंत्र मोठे करून, धूळ गाळत, वर्षानुवर्षे चालवायचे.

पाण्याचे बरे चालले आहे. अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळू लागले. पण तिथलीही एक गंमत: वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात, कॅल्शियम लघवीत उतरते, आणि २००९ मध्ये त्याचाच सल्फेट साचून लघवी शुद्ध करणारे यंत्र तुंबले. शरीरातला बिघाड थेट नळात. स्थानकावर सुटा भाग काही आठवड्यांत पाठवता येतो. मंगळाची वाट २६ महिन्यांनी उघडते आणि प्रवास सात-आठ महिन्यांचा. बेअरिंग, पंप, फिल्टर, सील हे सगळे दुप्पट-तिप्पट घेऊन जायचे किंवा तिथे घडवायचे.

चार-सहा माणसांचा तळ, अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’सारखा बाहेरच्या रसदीवर चालणारा, मला शक्य वाटतो. वस्ती मात्र वेगळी. तिथे मुले जन्मून वाढावी लागतील, आणि ३८ टक्के गुरुत्वात आजवर कुणी एक दिवसही काढलेला नाही. अपोलो-१७ चे दोघे चंद्राच्या एक-षष्ठांश गुरुत्वात तीन दिवस राहिले, तो विक्रम १९७२ चा. कक्षेत फिरत्या चक्रात मंगळाइतके गुरुत्व तयार करून उंदरांच्या दोन-तीन पिढ्या वाढवता येतील. मंगळमोहिमेच्या मानाने तो खर्च काहीच नाही, आणि तो आधी व्हायला हवा.