उन्हाळ्यात आमच्याकडं कूलर का नसतो

मे महिन्यात परभणीत आमच्या घरी आलेला माणूस घाम पुसत चारी भिंतींकडे बघतो आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारतो, "कूलर नाही का हो तुमच्याकडं?" पारा ४४ ला टेकलेला असताना हा प्रश्न रास्तच आहे. एरवी "बिघडलाय" म्हणून मी वेळ मारून नेते. तुम्ही खोदून विचारलंत, म्हणून सांगते.

काही वर्षं मला उन्हाळा लागला की दम लागायचा. शाळेचा जिना चढून वर्गात गेलं की आधी टेबलाला धरून उभं राहायचं, मग हजेरी. सकाळी उठतानाच अंग मोडून यायचं, बारीक कणकण, कोरडा खोकला. सकाळची शाळा सुटेपर्यंत जरा हुशारी वाटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाऊस सुरू झाला की सगळं आपोआप ओसरायचं. त्यामुळे "ऊन बाधतंय" यावर घरात एकमत होतं. सासूबाईंनी पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवायला लावला, दृष्टसुद्धा काढली.

तपासण्यांत हिमोग्लोबिन १०.२ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की कमी धरतात, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन वर गेलं, दम होता तिथंच राहिला. थायरॉइड, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, फारसा उपयोग झाला नाही. दुसरे म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." नॉर्मल रिपोर्टांनी फाईल जाड होत जाते तसतसं घरच्यांना आपलं दुखणं खोटं वाटायला लागतं. त्यांनाच कशाला, आपल्यालाही.

एका अक्षय्य तृतीयेला माहेरी गेले. गावात लाइटचा पत्ता नाही, रात्री सगळे माळवदावर बाजा टाकून झोपायचे. दोन-चार दिवसांत मी विहिरीपर्यंत चालत गेले नि धाप लागली नाही. "माहेरचं पाणी लागलं माय तुला," आई म्हणाली.

पुढे छत्रपती संभाजीनगरला छातीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा हे बोलता बोलता निघालं, आणि त्यांचे प्रश्नच बदलले. गॅलरीत कबुतरं आहेत का? भिजलेला कडबा हाताळता का? झोपता कुठं? कूलर खाटेपासून किती लांब? त्यातलं गवत कधी बदललं?

घरी येऊन यांनी कूलरची जाळी उघडली. गवत काळंहिरवं पडलेलं, बोटांनी दाबलं तर बुळबुळीत, आणि वास पावसात भिजत पडलेल्या गोणपाटाचा. रात्रभर हेच वारं मी तोंडावर घेत होते.

डॉक्टरांनी मला सहा मिनिटं चालवलं. बसून ९७ असलेला ऑक्सिजन ८८ वर आला. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईनं काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, फुप्फुसांत धुरकट डाग दिसले, साध्या एक्स-रेत ते आले नव्हते. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. ओल्या गवतातल्या बुरशीचे नि जंतूंचे बारीक कण श्वासातून खोल जातात, आणि काही जणांचं शरीर त्यांच्यावर असं चवताळतं की फुप्फुसालाच सूज येते. बऱ्याचदा त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून संशय कूलरवर जात नाही. हा संसर्ग नव्हे, एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्याच खोलीत झोपणाऱ्या यांना काहीही झालं नाही. पण कारण तसंच राहिलं, तर फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात, आणि ते मागे फिरत नाहीत.

मला वाटलं, हे माझंच काहीतरी वेगळं. तसं नाही. फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४७ टक्क्यांना हाच आजार होता, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता.

काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, हळूहळू कमी करत बंद केल्या. पण खरा इलाज कूलर भंगारात गेला तोच. गवत बदलून, टाकी धुऊन वापरू का, हेही विचारलं होतं. एकदा हा आजार झालेल्याला तेवढं पुरत नाही, असं उत्तर मिळालं. वाळ्याचे ओले पडदेही बाद. पंखा, आणि अगदीच असह्य झालं तर एसी. बिल बघून हे अजून कुरकुरतात.

म्हणून तुम्हीही कूलर काढा, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. दम लागायला रक्त, हृदय, थायरॉइड, चुलीचा धूर, शंभर कारणं असतात, ती आधी बघायलाच हवीत. एकाएकी दम कोंडला, छातीत दुखलं, तर कारणं शोधत बसायचंच नाही, दवाखाना गाठायचा. पण दम कुठं लागतो, कुठं लागत नाही, हे डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

आता अडचण उरली ती लग्नांची. मे महिन्यात मंगल कार्यालयात मानाच्या पाहुण्यांना जम्बो कूलरसमोरची खुर्ची देतात, आणि मी उठून दाराशी जाऊन बसते. दोन नातेवाईक त्यावरून रुसलेत.