पुणे ते दिब्रुगड, आईला घेऊन

ताईचे यजमान आसामात, दिब्रुगडजवळच्या दुलियाजानला तेल कंपनीत. ‘एकदा येऊन जा’ हे ती कधीची म्हणत होती. या डिसेंबरात आई तयार झाली. मी तिला लोहगाव, म्हणजे पुण्याचं विमानतळ, ते मोहनबारी, म्हणजे दिब्रुगडचं, हे अंतर सांगायला लागलो, तर म्हणाली, “किलोमीटर राहू दे रे. मला कुठे किती चालायचंय ते सांग.” गुडघे तिचे, प्रश्न बरोबर होता.

हवाई अंतर साधारण २,३७० किलोमीटर. विमान ताशी आठशेच्या आसपास धरलं आणि चढण्या-उतरण्याला अर्धा तास, की साडेतीन तासांचा हिशेब बसतो. इंटरनेटवरही असेच आकडे दिसतात. पण आम्हाला हव्या त्या तारखांना थेट विमानच नव्हतं. मध्ये कुठेतरी बदलणं आलं.

यादीत सगळ्यात वर आणि स्वस्त होतं ते दिल्लीमार्गे. पुणे-दिल्ली ११६० आणि पुढे १७६०, म्हणजे २,९२० किलोमीटर; सरळ वाटेपेक्षा साडेपाचशे जास्त. त्यात डिसेंबरातलं दिल्लीचं धुकं. कोलकातामार्गे? पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर सरळ वाट बंगालमधल्या मालदाजवळून जाते, कोलकाता तिच्या बरंच दक्षिणेला राहतं. म्हटलं, इथेही वळसा पडणार. बेरीज केली तर १५८० अधिक ८५०, म्हणजे जेमतेम साठ किलोमीटर जादा! वाटेला बाक आहे, पण इतका उथळ की अंतर फारसं वाढतच नाही. तिकीट थोडं महाग होतं, तरी हेच घेतलं.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घेतली, ते फार बरं झालं. बॅगा लोहगावला दिल्या त्या थेट मोहनबारीला मिळाल्या. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर कोलकात्यात पट्ट्यावरून सामान उचला, बाहेर पडा, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागितली होती, दोन्ही टप्प्यांसाठी.

तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतची. लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे कधी आधी सुखोई, मग आपण. आम्हीही धावपट्टीच्या तोंडाशी थांबलो होतो. (कोथरूड ते लोहगाव हे अंतर तर किलोमीटरमध्ये मोजायचंच नसतं.) कोलकात्यापर्यंत अडीच तास, तिथे थांबा, पुढे दीड तास. व्हीलचेअरवाला मुलगा आईला लिफ्टने वरच्या मजल्यावर सिक्युरिटीच्या वेगळ्या रांगेतून घेऊन गेला. मी मागून दोन्ही पिशव्या घेऊन पळत होतो.

ताईने एकच बजावलं होतं, उजेडात पोचा. दिब्रुगड पुण्याच्या एकवीस रेखांश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पुण्यात सहाला मावळणारा सूर्य तिथे सव्वाचारच्या सुमारास बुडतो. चहाच्या मळ्यांनी म्हणूनच आपलं घड्याळ तासभर पुढे ठेवलंय, त्याला बागान टाइम म्हणतात. पहाटेचं विमान घेतल्यामुळे आम्ही दुपारी उतरलो आणि दुलियाजानचा रस्ता उजेडात पार झाला.

परतीला वारा समोरून असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, जाताना तेच पाठीशी असतात. म्हणून येतानाच्या तिकिटावर वेळ थोडी जास्त होती, आणि कोलकात्यातला थांबा मी मुद्दाम लांब निवडला. आईने तिथे बसून दोन वेळा चहा घेतला आणि दोन्ही वेळा म्हणाली, ताईकडचा बरा होता.