मणिकर्ण ते खीरगंगा: गरम कुंडं, बरशैणीचा चढ आणि वेळेचा हिशोब

हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यात जाणारे बहुतेक जण कसोलला राहतात आणि दुपारी तासाभरासाठी मणिकर्णला डोकावून येतात. त्यापेक्षा मुक्काम मणिकर्णलाच करावा. कसोल तिथून ४ किलोमीटरवर आहे, कॅफेत बसायची हौस जाऊन-येऊनही भागते. मणिकर्णची गर्दी दिवसा असते. पहाटे गुरुद्वाऱ्यातल्या गरम पाण्याच्या कुंडात मोजकी माणसं असतात, आणि गारठ्यातच त्या पाण्याची खरी किंमत कळते.

दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीच्या रात्रीच्या बसमध्ये बसा आणि कुलूच्या अलीकडे भुंतरला उतरा. बिआस आणि पार्वती या नद्यांचा संगम इथेच आहे. बस उजाडायच्या सुमारास पोचते, झोप लागली तर थेट मनाली. म्हणून चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा. भुंतरहून मणिकर्ण ३५ किलोमीटर. सरकारी आणि खाजगी बस मिळतात, दीड-दोन तास लागतात. रस्ता अरुंद आहे. मे-जूनमध्ये आणि शनिवार-रविवारी कसोलला गाड्या अडकल्या की हिशोब कोलमडतो, तेव्हा सकाळच्या बसनेच निघावं.

गाव साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि इथले काही झरे त्या तापमानाच्या जवळ पोचतात. म्हणजे समोर बुडबुडणारं पाणी अक्षरशः उकळतंय. जवळपास ज्वालामुखी नाही. डोंगरात मुरलेलं पाणी भेगांमधून खोलवर जातं आणि तापून वर येतं. कठड्यापलीकडे हात घालू नका. न्हाण्याच्या कुंडात गार पाणी मिसळलेलं असतं, पुरुषांची आणि बायकांची सोय वेगळी आहे.

उतरताना आधी पाय, मग गुडघ्यापर्यंत, मिनिटभर थांबून पुढे. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुष्कळ झाली. गडबड होते ती बाहेर पडताना: गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काठावर बसून राहा, पाणी प्या, मग उठा. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, दारू प्यायलेल्याने तर मुळीच नाही. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं आणि चपला जोडाघरात ठेवायच्या. आतली फरशी काही ठिकाणी चटके बसण्याइतकी तापलेली असते. मोजे घालून उपयोग नाही, ओले झाले की तेच भाजतात. चटई अंथरलेली असेल तिथूनच चाला, लहान मुलांना सरळ उचलून घ्या.

लोक याच पाण्यात तांदळाची पुरचुंडी शिजवतात. पिशवी सुती हवी आणि अर्धीच भरायची. गच्च भरली तर तांदूळ फुगून मध्ये कच्चा राहतो. गाठ पिशवीच्या तोंडाशी मारा, म्हणजे आत फुगायला जागा उरते, आणि दोरीचं टोक बाहेर बांधून ठेवा. भात साधारण वीस मिनिटांत होतो. डाळ-हरभरे मात्र ९४ अंशांत फार वेळ खातात, त्या फंदात पडू नका. लंगरमधला वरणभात आहेच.

खीरगंगा म्हणजे वर डोंगरातलं गरम कुंडाचं ठिकाण. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून बरशैणी गाव गाठायचं. तिथून वर साधारण १२ किलोमीटर, चार-पाच तास. खीरगंगा जवळपास २,९५० मीटरवर आहे. वाटा दोन. तोष नाला ओलांडून नकथान गावावरून जाणारी वाट मळलेली आहे, ऊन लागतं, पण चुकायची भीती कमी. रुद्रनागच्या धबधब्यानंतर पुलावरून पार्वती ओलांडली की जंगलातला खडा चढ सुरू होतो. दम तिथेच निघतो, तेव्हा त्याआधी खाऊन घ्या. दुसरी वाट कलगा गावाहून, सावलीची आणि सुंदर, पण फाटे फार. माहीतगार सोबत नसेल तर ती नकोच. वर मोबाइलची रेंज धरून चालू नका आणि रोकड कसोल किंवा मणिकर्णलाच काढा.

खीरगंगेचं कुंड उघड्यावर आहे, बायकांचं बंदिस्त. घामेजलेल्या अंगाने लगेच उतरू नका, अर्धा तास बसा. साबण चालत नाही. बाहेर आल्यावर वारा झोंबतो. कोरडा टॉवेल, कानटोपी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा हवाच. तंबूंबाबत वनखात्याचे नियम बदलत असतात, मुक्कामाचं बरशैणीतच विचारून घ्या.

जुलै-ऑगस्ट टाळा. २०१५च्या ऑगस्टमध्ये डोंगरावरून सुटलेला कातळ मणिकर्णच्या गुरुद्वाऱ्यावर कोसळून माणसं गेली. २०२३च्या जुलैत पुराने कुलू जिल्ह्यातले रस्ते वाहून गेले. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे चांगले दिवस. पार्वतीत मात्र कुठल्याच ऋतूत फोटोसाठीही पाय घालू नका. दगड शेवाळलेले असतात आणि बर्फाच्या पाण्याला ओढ जबर असते.

खीरगंगेहून उतरायला तीन-चार तास धरा. परतीची शेवटची बस किती वाजता, ते सकाळी येतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. चुकली तर बरशैणीहून टॅक्सीवाला म्हणेल तो भाव द्यावा लागतो.