रत्नागिरीत लग्नाला जाताय? मुहूर्त आणि पंगत यांच्या मधल्या वेळासाठी

रत्नागिरीच्या लग्नाला आलेली पाहुणेमंडळी एक तर कार्यालयात पंख्याखाली जागा धरून लोळतात, नाही तर गाडी काढून थेट गणपतीपुळ्याला पळतात. मधलं शहर कोणी बघतच नाही. मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही पुण्याहून मोठा गोतावळा घेऊन गेलो होतो. गुडघे दुखणारी आत्या, दोन नणंदा-भावजया, मोबाइलला चिकटलेली पोरं, सगळे नमुने सोबत होते. एवढ्यांना घेऊन जे जमलं, ते तुम्हालाही जमेल.

लग्नातला मोकळा वेळ सलग मिळत नाही. सीमांतपूजनाच्या आधीची दुपार, मुहूर्ताच्या आधीची पहाट, पंगती उठल्यावरचे दोन-तीन तास आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेपर्यंतची सकाळ, एवढेच तुकडे हाताशी असतात. म्हणून ‘काय काय बघायचं’ यापेक्षा ‘कुठल्या तुकड्यात काय बसतं’ ते आधी ठरवा.

पुण्याहून आम्ही कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असे आलो. घाट सुरेख आहे, पण वळणं भरपूर. मागच्या सीटवरच्या पोरांना मलकापूरला मिसळ खाऊ घालू नका, पुढे निस्तरावं लागतं. मुंबईकरांनी कोकण रेल्वेच धरावी. मेमधली आरक्षणं उघडल्या उघडल्या भरतात, तेव्हा पत्रिका हातात पडायची वाट न बघता तारीख कळताच तिकीट काढा. स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून शहरात यायला रिक्षा मिळते. भाडं बसायच्या आधीच ठरवून घ्या.

पंगत उठल्यावरच्या वेळेसाठी थिबा राजवाड्यासारखं ठिकाण नाही. उन्हात वणवण नाही, चढ नाही. आत्यासुद्धा कुरकुर न करता सगळ्या दालनांतून फिरली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेतून उचललं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथे रत्नागिरीत आणून ठेवलं. मंडालेपासून इतकं लांब, मधे अख्खा हिंदुस्थान आणि समोर अरबी समुद्र. पळून जाणार कुठे? गंमत म्हणजे त्याआधी पाव शतक आपल्या बहादूरशहा जफरला त्यांनी उलट रंगूनला धाडलं होतं. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि राजा १९१६ मध्ये गेला, म्हणजे या वाड्याचं सुख त्याला जेमतेम सहा वर्षं मिळालं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली.

वाडा जांभ्या दगडाचा आहे. वरच्या अर्धगोल खिडक्यांचं लाकडी नक्षीकाम आणि रंगीत काचा बघायला मान वर करून थोडं उभं राहा. खाली संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं, आणि रविवारी लग्न लावून सोमवारी फिरायला निघणारे नेमके तिथेच अडकतात. थोरली राजकन्या इथल्याच एका माणसाच्या प्रेमात पडली. त्यांची मुलगी टुटू आयुष्यभर रत्नागिरीत राहिली, इथलीच होऊन गेली. ही गोष्ट आमच्या सोबतच्या कॉलेजातल्या मुलींना राजवाड्यापेक्षा जास्त आवडली. राजाची समाधीही शहरातच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष तिथे येऊन नतमस्तक होऊन गेले, पण रत्नागिरीला येणाऱ्या पाहुण्यांतल्या कोणालाही तिचा पत्ता विचारून बघा, शंभरातल्या एकाला सांगता येणार नाही. राजवाड्यापासून जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्याची खाडी आणि नारळीच्या बागा खाली पसरलेल्या दिसतात. ऊन कललं की जा, त्याआधी काही मजा नाही.

पहाटेचा तुकडा रत्नदुर्गाला द्या. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे आणि तटावरून फिरताना एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर, तिथल्या रंगीत बोटी, दुसरीकडे उघडा समुद्र दिसतो. नालेच्या दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे. ते बघायचं तर दुपारनंतरच्या ठरावीक वेळेत जावं लागतं, म्हणून सकाळच्या फेरीत ते धरू नका. सहा-साडेसहाला निघालात तर आंघोळ करून, नेसून मुहूर्ताला अक्षता टाकायला सहज पोचाल. मात्र पैठणी नेसून किल्ला चढायचा बेत नको. आमच्यातल्या एकीने फोटोसाठी तो केला आणि मग दिवसभर काठाला लागलेले कुसळ काढत बसली.

पोरं कंटाळली असतील तर किल्ल्याच्याच वाटेवर पेठकिल्ल्यात सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. टाक्यांतले मासे आणि देवमाशाचा सांगाडा बघून मोबाइल खिशात गेले, यापेक्षा मोठी शिफारस मी करू शकत नाही.

टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत आहे. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, घर कौलारू कोकणी, शांत, अंगणात सावली. अर्धा तास पुरतो. तिथून बाजाराच्या बाजूला आलात की पतितपावन मंदिर बघता येतं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने हे देऊळ बांधलं. सगळ्या जातींच्या लोकांना थेट गाभाऱ्यापर्यंत प्रवेश, हे त्या काळात केवढं धाडस होतं ते आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. बाहेर पडून रामआळीत घुसा. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, जे काय न्यायचं ते इथेच घ्या, हायवेवरच्या दुकानांपेक्षा बरं पडतं.

संध्याकाळी मांडवी. इथली वाळू काळी, म्हणून हा काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र आहे. मांडवीच्या जेट्टीवर अख्खं गाव हवा खायला येतं, भेळ मिळते, मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो. रिसेप्शन साडेसातला असेल तर तयार होऊनच जा आणि वाळूत उतरू नका. पोहायचं, पाण्यात खेळायचं असेल तर खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याला जावं. किनारा लांबलचक आणि बराच सपाट, सुरूचं बन आहे, टोकाला झरी विनायकाचं देऊळ. शेजारीच नारळ संशोधन केंद्र आहे. गावी जागा असेल तर रोपांची चौकशी करा, पाऊस तोंडावर आलेलाच असतो.

आता गणपतीपुळे. लग्नाच्या दिवशी जाऊ नका, एवढंच हात जोडून सांगणं. नकाशावर पंचवीस-तीस किलोमीटर दिसतं, पण मे महिन्यात दर्शनाची रांग, पार्किंग, वाटेत आरे-वारेला फोटोसाठी थांबणं, असं करत अर्धा दिवस जातो आणि मग मंगलाष्टकं सुरू असताना मुलीच्या काकांचे फोन येत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि आरे-वारेच्या किनारी रस्त्यानेच जा. खिंडीतून वर चढलात की खाली दोन्ही किनारे एका नजरेत येतात. बघून घ्या, पण पाण्यात शिरू नका. आरे-वारे काय आणि पुळे काय, समुद्र दिसतो तेवढा साधा नाही. दरवर्षी इथे माणसं बुडतात आणि ती बहुतेक बाहेरगावचीच असतात. जीवरक्षकाने शिट्टी मारली की बाहेर यायचं, वाद घालायचा नाही. देवळात स्वयंभू गणपती म्हणजे डोंगरच, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घालायची, साधारण किलोमीटरभर. फरसबंद वाट आहे, पण दहानंतर अनवाणी पाय भाजतात. पलीकडेच मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. तिथल्या स्मारकात गर्दी नव्हती आणि पुळ्याच्या रेटारेटीनंतर ती शांतता आत्याला देवदर्शनाइतकीच मानवली.

खरं सांगायचं तर माझी पसंती उलट्या दिशेला, पावसला. भाट्याचा पूल ओलांडून गोळपवरून रस्ता जातो. स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर आहे, बाराच्या सुमाराला खिचडीचा प्रसाद मिळतो, आणि दोन दिवस जिलेबी-मठ्ठा रिचवलेल्या पोटाला ती साधी खिचडी फार बरी वाटते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पुळ्याऐवजी हेच करा.

ज्यांना गर्दीच नको, त्यांनी उक्षी गावचं कातळशिल्प बघावं. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, कोरलेला हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षी आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिकांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ती शोधली, म्हणून आज बघायला मिळतात. सड्यावर सावलीचं झाड नाही. सकाळी नऊच्या आत जाऊन या, टोपी आणि पाणी घ्या, आणि शिल्पावर चपला घालून चालू नका.

गाडीचं काय करायचं? यजमानांकडे मागू नका. कार्याच्या दिवशी त्यांची प्रत्येक गाडी कोणाला तरी आणायला-पोचवायला लागलेली असते. शहरातल्या शहरात रिक्षा पुरते. पुळे किंवा पावससाठी आठ-दहा जणांनी मिळून दिवसभराची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे तेही बोलून घ्या.

मासे खाणाऱ्यांनी कार्यालयाच्या जेवणानंतरचा दिवस राखून ठेवावा. मुहूर्त मेअखेरचा असेल तर जास्तच घाई करा, कारण १ जूनपासून यांत्रिकी मासेमारी बंद होते आणि मग ताजं मिळणं कठीण. आंब्याची पेटी मुलीकडच्यांच्या ओळखीतल्या बागायतदाराकडून घ्या. तयार फळ नको, हिरवट-पक्कं मागा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. घरी पोचल्यावर पेटी लगेच उघडून आंबे गवतात एकेक थर पसरा, आणि रोज वरखाली करून पिकलेले आधी काढा.