भातकापणीच्या दिवसांतली कशेळी

कोकणात जायचे म्हटले की बहुतेकांना आंब्याचा मे महिना आठवतो, नाहीतर नाताळची सुट्टी. गणपतीला आलेले चाकरमानी परतल्यापासून दिवाळीची वर्दळ सुरू होईपर्यंतचा मधला काळ कुणाच्या हिशेबातच नसतो. नेमक्या याच दिवसांत, आश्विन उतरणीला लागला असताना, आम्ही रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याचा रस्ता धरून राजापूर तालुक्यातल्या कशेळीला गेलो. पूर्णगडाच्या पुलाखाली मुचकुंदीचे पाणी अजून गढूळच होते आणि पलीकडच्या गावखडीच्या सुरूबनात चिटपाखरू नव्हते.

कशेळीत मात्र सगळे गाव कामात होते. आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी पाण्याचा तांब्या हातात देतानाच सांगून टाकले, "आज कापणीला माणसं आहेत, जेवायला दोन वाजतील. भूक लागली तर पेज ठेवलेली आहे." पाहुण्यांच्या मागेपुढे करणारे आदरातिथ्य ज्यांना हवे असेल, त्यांनी या महिन्यात इकडे फिरकू नये, मला स्वतःला हा मोकळेपणा फार आवडला. दुपारी उशिरा कुळथाचे पिठले, भाकरी आणि सोलकढी असे जेवण झाले आणि हात वाळतात न वाळतात तोच पूर्वेकडे सह्याद्रीच्या बाजूने आभाळ भरून आले. परतीचा पाऊस असा दुपारनंतरच येतो, आणि कापून शेतात पसरलेले भात भिजले तर वर्षाच्या कष्टांवर पाणी पडते. मग घरचे, शेजारचे आणि आम्ही, असे सगळेच भारे उचलून पडवीत आणू लागलो. भाताच्या पात्यांना करवतीसारखी धार असते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. घामेजलेल्या हातांवर उठलेले बारीक लाल ओरखडे रात्रीपर्यंत चुरचुरत होते. पाऊस आला तो जेमतेम अंगण भिजवून गेला, तेव्हा काकांनी त्याला जी शेलकी विशेषणे बहाल केली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

गावातले कनकादित्याचे मंदिर हे कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक आहे. सौराष्ट्रातल्या प्रभासपट्टणहून मूर्ती घेऊन निघालेले जहाज या किनाऱ्यासमोर अडले, तेव्हा मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली गेली आणि पुढे कनका नावाच्या सूर्योपासक स्त्रीला दृष्टान्त झाला, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी गावाचे जुनेपण निर्विवाद आहे, कारण शिलाहार राजा दुसरा भोज याने शके 1113 मध्ये, म्हणजे इ. स. 1191 मध्ये, दिलेला कशेळीचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात अन्नदानासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. पडवीत रचलेले भारे पाहून आल्यावर ती नोंद अगदी ओळखीची वाटली. कथेतली गुहा जिथे दाखवतात तो देवघळीचा किनारा दोन काळ्या कड्यांच्या बेचक्यात आहे आणि तो वरूनच अधिक चांगला दिसतो. पावसाळ्यानंतर खाली उतरण्याची वाट निसरडी असते, त्यामुळे आम्ही कड्यावरच बसून सूर्यास्त पाहिला.

गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती मात्र चुकवू नये. सुमारे 18 मीटर लांबीच्या त्या आकृतीच्या पोटात इतर प्राणी आणि जलचर दाटीवाटीने कोरलेले आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पे गेली, त्यांत कशेळीही आहे. ऑक्टोबरात सड्यावरचे गवत पिवळे पडू लागते आणि ऊन चटके देते, म्हणून तिथे सकाळी लवकरच पोहोचावे. त्या वेळी तिरप्या उन्हात खोबणींची सावली पडते आणि एरवी नुसता खडबडीत कातळ वाटणाऱ्या जागी पाय, सोंड, मासा असे आकार एकेक करून वेगळे काढता येतात.