परसदारची मॅच

आमच्या वाड्यातल्या क्रिकेटचा एकच कडक नियम होता. तळमजल्यावरच्या काकूंच्या अंगणात चेंडू गेला की मारणारा आउट, आणि चेंडू आणायलाही त्यानंच जायचं. काकू चेंडू तांदळाच्या डब्यात टाकून ठेवत आणि परत देण्याआधी गणितातले मार्क विचारत. त्या काकू मला कित्येक वर्षांनी आठवल्या, त्याही लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीतली एक मॅच टीव्हीवर बघताना.

१० जानेवारी २०२१, रविवार. रात्री साडेदहाला एफए कपची, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेची मॅच लागली होती. एकीकडे नामांकित मॅनेजर मोरिन्यो यांचं लंडनचं बडं टॉटनहॅम, दुसरीकडे क्रॉस्बीचा छोटासा क्लब मरीन. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत ९२ क्लब, बाकी सगळे नॉन-लीग. त्यातही मरीन आठव्या पायरीवर, टॉटनहॅमच्या १६१ जागा खाली. संघात शाळामास्तर होते, कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा होता.

माझी नजर मात्र मैदानाच्या कडेवर खिळली. मरीनच्या मैदानाच्या, रॉसेट पार्कच्या एका लांब बाजूला स्टँडच नाही. मैदानाची कडेची रेघ संपली की लोकांची परसं सुरू. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी, पण स्वतःच्या परसात उभ्या राहिलेल्या माणसाला कोण हटकणार? कुंपणापलीकडे माणसं निवांत उभी होती. एकानं तर लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर क्लॉप यांचा पुठ्ठ्याचा पुतळाच उभा केला होता. मोरिन्योंना खिजवायला, दुसरं काय!

मरीन क्लबचा जन्म १८९४चा. नाव घेतलं जवळच्याच वॉटर्लूतल्या मरीन हॉटेलवरून. (मला आपलं उगाच मरीन लाइन्स आठवतं.) १९०३पासून मुक्काम याच मैदानावर. १९३२मध्ये हौशी संघांच्या अमॅच्युअर कपची फायनल गाठली आणि डलिच हॅम्लेटकडून ७-१ असा मार खाल्ला. एवढ्या मोठ्या इतिहासात मला आवडतात ते रोली हॉवर्ड. १९७२ ते २००५ असे तेहतीस हंगाम हेच मॅनेजर, १,९७५ सामने, गिनेसमध्ये नोंद. पोटापाण्याचा धंदा मात्र लोकांच्या खिडक्या पुसण्याचा. दिवसभर शिडीवर चढून काचा पुसायच्या आणि संध्याकाळी अकरा जणांना ओरडायचं! मोरिन्योंना हे जमलं असतं का, कोण जाणे.

मॅच ०-० असताना मरीनच्या केंग्नीनं लांबून मारलेला फटका थेट क्रॉसबारवर आदळला. मी सोफ्यावरून उठलोच. नंतर व्हायचं तेच झालं, ०-५. टॉटनहॅमच्या व्हिनिसियसनं हॅटट्रिक केली, सोळा वर्षांच्या डिव्हाइननंही एक गोल केला. मैदानात जाता येणार नाही हे ठाऊक असूनही तीस हजारांवर लोकांनी दहा-दहा पौंड मोजून मरीनची नुसती नावाची तिकिटं घेतली होती. त्यात टॉटनहॅमवालेही पुष्कळ. परसातल्यांनी मात्र सगळी मॅच फुकटात पाहिली.

आई पाणी प्यायला उठली होती. पाच मिनिटं टीव्हीसमोर उभी राहिली, त्या कुंपणाकडे बघत. टॉटनहॅमचा स्टार गॅरेथ बेल कोण, मरीन कोण, तिला कशाचंच घेणं नव्हतं.

"चेंडू त्यांच्या अंगणात गेला तर परत देतात का रे ते लोक?"