मेअखेरची टर्की: पहाटेच्या गाइडवर पैसे घालवू नका

"मेअखेरीला माद्या अंड्यांवर बसतात, नर एकटे पडतात, आवाज दिला की धावत येतात." टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी अमेरिकेतल्या उत्तर पेन्सिल्व्हेनियात जो भेटला त्याने हे ऐकवलं. मोटेलवाल्याने ऐकवलं, काडतुसांच्या दुकानात ऐकवलं, आणि ज्याला पैसे मोजले त्या गाइडने तर पुन्हा पुन्हा. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण धावत कुणी येत नाही, आणि जे येतात ते पहाटे येत नाहीत.

गाइडने मिट्ट काळोखात एका शेताच्या कडेला नेऊन बसवलं. उजाडताना झाडावरून दोन नर ओरडले, खाली उतरले आणि गप्प झाले. होणारच. ज्या माद्यांचं अंडी घालणं अजून चालू असतं त्या सकाळी नराच्या आसपास असतात. खऱ्या मादीला सोडून तो मादीचा आवाज काढणाऱ्या आपल्या लाकडी डबीकडे कशाला येईल? उन्हं वर आली की माद्या घरट्याकडे सरकतात, नर मोकळा होतो आणि फिरायला लागतो. नेमका तेव्हाच, दहाच्या सुमाराला, गाइड गाडीत सामान भरून घरी निघाला. बिलात ठरलेली रक्कम तर होतीच, वर 'जागा हेरण्याचे' वेगळे, पेट्रोलचे वेगळे, आणि टिपसाठी पुढे केलेला हात. माझं मत स्पष्ट आहे: मेअखेरीला अर्ध्या दिवसाचा गाइड म्हणजे लूट. घ्यायचाच असेल तर दुपारी दोनपर्यंत थांबणार आणि वर एक डॉलर नाही, हे लिहून घ्या.

इथला नियमही दुपारच्याच बाजूने आहे. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी १२ ला बंदूक खाली ठेवावी लागते, म्हणजे घरट्यावरच्या माद्यांना त्रास कमी होतो. मेच्या उत्तरार्धात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी असते. ती सोडून लोक नाश्त्याला परत का येतात, देव जाणे.

वेल्सबरो गावातले आधीचे दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायची आहे ती टायोगा स्टेट फॉरेस्टमधली पाइन क्रीक या ओढ्याच्या वरची चढण. नकाशावर जेमतेम अर्धा मैल. प्रत्यक्षात सगळी माउंटन लॉरेल या झुडपाची जाळी. भाद्रपदात कारवीत घुसलेल्यांना कल्पना येईल; फरक इतकाच की कारवी वाकते, लॉरेल वाकत नाही. बंदुकीची नळी अडकते, टोपी मागे राहते, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि त्याच दिवसांत रॅटलस्नेक हे विषारी साप खडकांवर उन्हाला आलेले असतात. 'शॉर्टकट आहे' म्हणून ही वाट सुचवणारा स्वतः तिथे कधी गेला असेल असं मला वाटत नाही. जाऊ नका. टर्कीसुद्धा तिथून जात नाही. जुन्या लाकूडतोडीच्या वाटेने लांबून वर चढा.

वर गेल्यावर नेचा. हरणं बाकीचा पाला फस्त करतात, नेच्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो गुडघ्याच्या वर माजलेला असतो. त्यात पक्ष्याचं फक्त डोकं दिसतं, तेही क्षणभर. त्यामुळे नेच्यात बसू नका; मोकळ्या पट्ट्याच्या कडेला, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला टेकून बसा. पालवी दाट झाली की आवाज दबतो. लांब वाटणारा नर बराच जवळ असतो, म्हणून ऐकू आला की आहात तिथेच बसा. आवाजाच्या दिशेने सरकत जाऊ नका. या राज्यात पक्ष्यावर चालून जाणं बेकायदा आहे, आणि तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. लाल, पांढरं, निळं काही घालू नका, नराचं डोकं समजून कुणी चाप ओढेल. चालताना केशरी टोपी घाला.

महिनाभर शिकाऱ्यांचे नकली आवाज ऐकून नर शहाणे झालेले असतात. मोठ्याने सलग ओरडणं बंद. हळू दोन-तीन टकटक आवाज, मध्येच हाताने पाला खरवडणं, मग वीस मिनिटं काही नाही. पिसारा फुलवलेल्या नराचा डिकॉय, म्हणजे भुलवायचा खोटा पक्षी, गाडीतच ठेवा, मार खाल्लेले नर त्याला पाहून वळतात. खोटी मादी एक पुरे.

माझा नर दुपारी एकच्या पुढे पाइपलाइनच्या मोकळ्या पट्ट्यावर आला, हूं की चूं न करता. तीस यार्ड. त्यामुळे पुढचा सल्ला आनंदाच्या भरातला समजा: सहापर्यंत झोपा, पोटभर पॅनकेक खा, नऊला जंगलात शिरा.

छातीवर दाढी, म्हणजे लोंबणारा केसांसारखा झुबका, दिसल्याशिवाय चाप ओढू नका, दाढीवाल्याचीच परवानगी आहे. परवान्याचा टॅग पक्ष्याला तिथल्या तिथे लावायचा, नोंद दहा दिवसांत करायची. व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा नीट बघा. वैध शिकार परवाना खिशात नसेल तर उसनी बंदूकही महागात पडेल.

गोचिडी पुष्कळ. मेअखेरीला त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात आणि लाइम हा आजार मुख्यतः त्यांच्यामुळे होतो. कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, अंगाला नाही. परतल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत बघा.

आणि बर्फ न्या. मेअखेरीच्या उन्हात पक्षी लगेच साफ करून थंड केला नाही तर मांस जातं. छातीचं मांस रश्श्यात उत्तम. तंगड्या मात्र चिवट, कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या काढा.